'स्माइल' स्वतः जोडणाऱ्यांनो, खरखर पुसू नका

बीच बॉइज या अमेरिकी बँडचा 'स्माइल' हा अल्बम १९६७ मध्ये अर्धवटच राहिला, आणि त्याचे रेकॉर्ड झालेले सुटे तुकडे तुम्ही घरी जोडताय. तुमची पोस्ट वाचून आधी हसू आलं, मग पोटात कालवलं. "पासष्ट तुकडे जमवले, सगळ्यांची खरखर साफ केली, कव्हरवरच्या यादीप्रमाणे लावले, तरी प्रत्येक सांध्यावर गाणं ठेचकाळतं. मूळ क्रम कोणता?" वीस-बावीस वर्षांपूर्वी मी जवळजवळ याच शब्दांत हेच विचारत फिरत होतो. तुम्ही विचारलंय क्रमाबद्दल, पण घोटाळा "साफ केली" इथे आहे.

आधीच सांगतो, मी साउंड इंजिनिअर नाही. डोंबिवलीत राहतो, नोकरी आकडेमोडीची, गाणं वाजवता येत नाही. बीच बॉइजचा हा अर्धवट अल्बम जोडायचा नाद मात्र तरुणपणी लागला तो सुटला नाही. तेव्हा पुढचं सगळं एका हौशी माणसाचं मत म्हणून घ्या. जाणकारांनी चुका काढाव्यात.

बँडचा म्होरक्या ब्रायन विल्सन आणि गीतकार व्हॅन डाइक पार्क्स यांनी १९६६-६७ मध्ये काय मांडलं आणि ते का मोडलं, हे तुम्हाला ठाऊकच असणार. ते सोडून देतो. क्रमाचंही चटकन उरकतो. तुम्ही ज्या यादीला चिकटून बसला आहात, ती बारा गाण्यांची यादी कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीकडे डिसेंबर १९६६ मध्ये गेली आणि कव्हरच्या मागे छापली गेली. पण त्याच कव्हरवर अशीही सूचना आहे की वाजवण्याचा खरा क्रम लेबलवर पाहावा. कव्हरं छापली चार लाखांहून जास्त. लेबल लावायला रेकॉर्डच निघाली नाही. मे १९६७ मध्ये बँडचे प्रसिद्धीप्रमुख डेरेक टेलर यांनी अल्बम रद्द झाल्याचं लिहून टाकलं, आणि सप्टेंबरात 'स्मायली स्माइल' नावाचं दुसरंच काहीतरी बाजारात आलं. म्हणजे "मूळ क्रम" नावाची वस्तू नाहीच. त्यामागे धावण्यात मी एक अख्खा पावसाळा घालवलाय, तुम्ही घालवू नका.

आता माझी चूक सांगतो, कारण तुम्ही तिच्यातच अर्धे उतरला आहात.

२००३ ची गोष्ट. अमेरिकेहून कायमचे परत आलेले एक परिचित होते. त्यांच्याकडे सहा सीडी-आर होत्या, हिरव्या मार्करने तारखा लिहिलेल्या, सगळ्या 'स्माइल'च्या सेशनच्या, म्हणजे स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगच्या. कुठून मिळवल्या ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. "आठवडाभर ठेव, पण ओरखडा पडता कामा नये," एवढीच अट. माझ्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क चाळीस जीबीची, तीही भरत आलेली. म्हणून मी शहाणपणा केला: सगळं १२८ च्या एमपी थ्रीमध्ये उतरवलं, म्हणजे जागा वाचवायला आवाज दाबून लहान केला. ही पहिली चूक, पण एवढ्यावर निभावलं असतं.

दुसरी चूक त्याच रविवारी रात्री. सॉफ्टवेअरमध्ये 'नॉइज रिडक्शन' सापडलं. गाणं सुरू होण्याआधीची नुसती खरखर निवडायची, बटण दाबायचं, सॉफ्टवेअर तेवढाच आवाज सगळीकडून उपसून काढतं. पहिल्या तुकड्यावर लावलं आणि हेडफोनमध्ये असं लख्ख ऐकू आलं की वाटलं, चष्म्याची काच पुसली. पहाटे साडेतीनपर्यंत एकूण एक तुकडा धुऊन काढला. आणि प्रत्येक वेळी 'सेव्ह'. 'सेव्ह ॲज' नाही, 'सेव्ह'. जुन्याच नावाने, जुन्या फाइलवर. आठवडा संपल्यावर सीडी फडक्याने पुसून परत दिल्या आणि वर पेढेही दिले.

मग वर्षभर रोज संध्याकाळी जोडाजोडी. आणि तुमच्यासारखंच, प्रत्येक सांध्यावर ठेच. आधी मी क्रमाला दोष दिला, मग ब्रायनच्या तुकड्या-तुकड्यांनी रेकॉर्ड करण्याच्या पद्धतीला. कान मात्र सांगत होता की दोन तुकड्यांच्या मधे क्षणभर कोणीतरी खोलीचं दार लावून घेतंय.

कारण साधं होतं. ब्रायनने स्टुडिओतली खोलीसुद्धा वाजवली आहे. गोल्ड स्टार स्टुडिओच्या प्रतिध्वनीच्या खोल्या प्रसिद्धच होत्या. एखादा स्वर थांबला तरी त्याची गुंज हळूहळू विरत खरखरीत मिसळते, आणि तेवढ्यात पुढचा तुकडा येतो. सॉफ्टवेअरला गुंजेचं शेवटचं टोक आणि खरखर यांतला फरक कळत नाही. ते दोन्ही कापतं. राहतो तो मान धरून बंद केल्यासारखा स्वर. मग पुढचा तुकडा कितीही अचूक जागी ठेवा, मधे खड्डा राहणारच.

बीच बॉइजचं 'गुड व्हायब्रेशन्स' हे गाणं पुन्हा ऐका, या वेळी फक्त सांध्यांसाठी. फेब्रुवारी ते सप्टेंबर १९६६, चार वेगवेगळे स्टुडिओ, टेप ब्लेडने कापून चिकटवलेली. ऑर्गनचा संथ भाग संपतो तिथे सगळे मिळून 'आऽऽ' धरतात, स्वर सुटतो, नुसती गुंज उरते, आणि एकदम चेलो खर्जात घुसतात. सांधा लपवलेला नाहीच. उलट त्या गुंजेने तो उचलून धरलाय. तीच गुंज पुसली तर उरतं काय? दोन गाण्यांची कापाकापी.

दोन वर्षांनी अक्कल आली तेव्हा त्या परिचितांकडे धाव घेतली. सीडी माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत, वर एप्रिल-मेचं ऊन. दोन सीडींचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटलेला, बाकीच्या ड्राइव्ह वाचेना. ते बिचारे मलाच म्हणाले, "तुझ्याकडे कॉपी आहे ना, ती दे." काय देणार होतो? धुतलेली, तीही एमपी थ्री.

तेव्हा एकच गोष्ट आज करा. साफ न केलेल्या मूळ फाइल असतील तर त्यांचं वेगळं फोल्डर करा, 'रीड ओन्ली' करा, एक प्रत दुसऱ्या डिस्कवर टाका, आणि त्यांना पुन्हा हात लावू नका. फ्लॅक किंवा वेव्ह (आवाजातलं काही न गाळणारे फाइलचे प्रकार) असेल तर उत्तम. मूळ फाइल राहिल्या नसतील तर जोडकाम थांबवा आणि २०११ चा अधिकृत 'द स्माइल सेशन्स' मिळवा. पाच सीडींच्या मोठ्या संचात गाणी तर आहेतच, शिवाय सेशनचे कच्चे तुकडे तासन् तास आहेत. आम्ही बीच बॉइजच्या १९९३ च्या बॉक्स सेटमधल्या 'स्माइल'च्या अर्ध्या तासावर दिवस काढले. त्याआधीच्या पिढीने तर '२०/२०' आणि 'सर्फ्स अप' या अल्बममध्ये विखुरलेली गाणी कॅसेटवर, पॉजचं बटण दाबत दाबत जोडली. त्यामानाने तुमच्यापुढे ताट वाढून ठेवलंय. (बूटलेगची, म्हणजे चोरून काढलेल्या प्रतीची, लिंक माझ्याकडे मागू नका. आणि तुमचं मिक्स घरात ऐका, कुठे अपलोड करून हक्काच्या भानगडीत पडू नका.)

त्या संचावरून आठवलं. मी तो बाहेरून मागवला आणि पार्सल एका कार्यालयात अडकलं. नाव घेत नाही. झाकणावर चित्रकार फ्रँक होम्सने काढलेलं ते हसू विकणारं दुकान उठावात केलेलं आहे, त्यामुळे टेबलापलीकडच्या साहेबांना प्रश्न पडला की हे खेळणं, पुस्तक की रेकॉर्ड? आत तिन्ही दिसत होतं. पाच सीडी, दोन मोठ्या रेकॉर्ड, दोन छोट्या, जाड पुस्तक. प्रत्येकाची किंमत वेगळी लिहून आणा म्हणाले. बिलावर एकच किंमत. चार खेपा, दोन अर्ध्या रजा, एक प्रतिज्ञापत्र. तिसऱ्या खेपेला साहेब जेवायला गेलेले आणि पार्सल टेबलावर, काचेपलीकडे, माझ्यापासून हातभर अंतरावर! असो. शेवटी ड्यूटी त्यांना हवी तेवढीच भरली. पहिल्याच दिवशी आकडा सांगितला असता तर?

तर घरी आणल्यावर पहिलं काम हे केलं: अधिकृत तुकडा वरच्या ट्रॅकवर, माझा धुतलेला त्याच्या खाली. 'कॅबिनेसन्स'मधली बँजोची सुरुवात. वरच्यात बँजोच्या प्रत्येक टणत्कारानंतर बारीक धूर राहतो. माझ्यात टण, आणि मग काहीच नाही. पाण्याखालून आल्यासारखी एक गुळगुळीत शांतता. वर्षभराच्या संध्याकाळी मी त्या शांततेवर घालवल्या होत्या.

आता प्रत्यक्ष सांध्याबद्दल, मला जमतं तेवढं सांगतो. दोन तुकड्यांची खरखर कमी-जास्त असेल तर जास्तवाल्याची कमी करू नका, कमीवाल्याखाली घाला. सेशनमध्ये मोजणी सुरू होण्याआधी दोन-तीन सेकंद नुसती टेप वाजत असते. तो भाग उचला आणि सांध्याखाली अलगद पसरा, ब्लाउजला अस्तर लावतात तसं. कान जमिनीवरून चालत राहतो, पायरी लागत नाही. कापायचं ते पुढच्या तुकड्याच्या पहिल्या ठोक्याच्या किंचित आधी, आणि मागच्याची गुंज त्या ठोक्याखाली जाऊ द्यायची. लांबलचक फेड करू नका. लग्नाच्या व्हिडिओत एक फोटो विरघळून दुसरा येतो तसं होतं ते. आपल्याकडे तबल्याशी बसलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, सम कुठे आहे ते त्याच्या हाताला कळतं. ठोका सापडला की सांधा सापडलाच.

सूर जुळत नसेल तर बहुधा टेप कॉपी होताना वेगात फरक पडलेला असतो. अशा वेळी वेग बदला, म्हणजे लय आणि सूर एकत्र सरकतात. नुसता सूर सरकवायचं जे वेगळं बटण असतं ते वापरू नका, आवाज प्लास्टिकचा होतो. अधिकृत रेकॉर्ड शेजारी लावून तुलना करा.

आणि सगळं मोनोत ठेवा, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज. यावर माझ्याशी भांडणारे पुष्कळ आहेत. पण २०११ च्या संचातले स्टिरिओ तुकडे आणि जुने मोनो तुकडे एकाआड एक लावले की दर मिनिटाला भिंती आत-बाहेर सरकतात. ब्रायनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नव्हतं, तो मोनोतच विचार करायचा. तपासायला मोबाइलचा साधा स्पीकर पुरे. महागडे हेडफोन चुका लपवतात, मोबाइल चुगली करतो.

२००४ मध्ये ब्रायनने स्वतः नव्याने रेकॉर्ड केलेल्या 'स्माइल'चा क्रम घ्यावा का, हेही तुम्ही विचारलंय. तो त्याने पार्क्स आणि आपल्या बँडमधला डॅरियन सहानाजा यांच्याबरोबर मंचासाठी बांधला, फेब्रुवारी २००४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये पहिल्यांदा वाजला, आणि अप्रतिम आहे. पण त्याचे भाग तीन. १९६६ च्या रेकॉर्डला बाजू दोन, मधे कोणीतरी उठून ती उलटणार. मी दोन बाजूंचाच हिशेब धरतो, बाजूला अठरा-वीस मिनिटं. 'अवर प्रेयर' हे गाणं आधी, 'सर्फ्स अप' हे गाणं सगळ्यात शेवटी. 'सर्फ्स अप'च्या उत्तरार्धाचा वाद्यमेळ त्या वेळी झालाच नाही, तिथे ब्रायन एकटा पियानोशी आहे. तो तसाच एकटा ठेवा. हल्ली एआयकडून नसलेले आवाज गाऊन घेतात, मला ते श्राद्धाच्या ताटात पिझ्झा वाढल्यासारखं वाटतं. राग आला तर माफी, पण मत बदलणार नाही.

अग्नी, पृथ्वी, वायू, पाणी या चार तत्त्वांवरच्या 'द एलिमेंट्स'मध्ये अग्नी सोडून बाकीचं काय घ्यायचं, हा वाद इथे नको. पाण्यासाठी मे १९६७ चं 'लव्ह टू से दादा' घेणारे आहेत, वाऱ्यासाठी 'विंड चाइम्स' घेणारे आहेत. मी दोन्ही घेतो, आणि मला पुरावा मागितला तर नाही.

'हीरोज अँड व्हिलन्स' या गाण्याची जुलै १९६७ ची सिंगल मात्र बाजूला ठेवा. तिचा बराच भाग ब्रायनच्या घरी नव्याने रेकॉर्ड झालेला आहे, हवाच वेगळी आहे. आधीची, 'कँटिना' नावाचा भाग असलेली घ्या. तुमची सगळ्यात मोठी ठेच तिथेच आहे असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. त्या सांध्याच्या अलीकडचे दहा सेकंद आणि पलीकडचे दहा पाठवा, रविवारी ऐकून सांगतो. फक्त धुतलेली फाइल पाठवू नका. मूळची, खरखरीसकट.