पोर्टल आहे, तरी फोन का वाजतो?

एचआर सेवांबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे एचआर पोर्टल सुरू होऊन वर्ष झालं. रजा, पगारपत्रक, पत्ताबदल, दाखले, सगळं त्यावर आहे. प्रशिक्षण झालं, पोस्टर लावून झाली, तरी लोक फोन आणि ईमेलच करतात. ईमेलचा पत्ता बंदच करून टाकावा का?

इतक्यात नको. ईमेल बंद झाला की लोक ओळखीच्या एचआरवाल्याला जिन्यात गाठतात, आणि मग किती जण काय विचारतात याची नोंदही राहत नाही.

आधी दोन याद्या काढा. पहिली, गेल्या ३ महिन्यांतले दोन-तीनशे ईमेल आणि फोनच्या नोंदी, कर्मचाऱ्याच्याच शब्दांत. दुसरी, पोर्टलच्या शोधपट्टीत लोकांनी टाइप केलेले शब्द. ज्या शब्दांना एकही निकाल आला नाही ते तर आधी बघा. याद्या शेजारी ठेवल्या की बहुतेक उलगडा होतो. माणूस शोधतो ‘पगार कमी आला’ आणि पोर्टलवरच्या लेखाचं नाव असतं ‘वेतन तफावत निवारण प्रक्रिया’. त्याला हवं असतं ‘बाळाचं नाव विम्यात घालायचंय’, लेख म्हणतो ‘अवलंबित व्यक्ती नोंदणी’. लेख आहे, पण त्याच्यापुरता तो नाहीच. लोकांचे शब्द शीर्षकात घ्या. उरलेले, रोमन लिपीतले आणि चुकीच्या स्पेलिंगचेसुद्धा, शोधशब्द म्हणून लेखाला जोडा.

मग त्या नोंदींचे तीन गठ्ठे करा : माहिती हवी होती, काम करून हवं होतं, आणि ‘माझ्या अर्जाचं काय झालं?’ तिसरा गठ्ठा जाड निघाला तर दोष पोर्टलच्या मांडणीत नसून गप्प बसण्यात आहे. अर्ज मिळाला, अमुक व्यक्तीकडे आहे, अमुक तारखेपर्यंत होईल, तारीख पुढे गेली, काम झालं, एवढे संदेश आपोआप गेले तरी हे फोन घटतात. ‘आपली विनंती प्रक्रियेत आहे’ हा संदेश मात्र पाठवला काय नि न पाठवला काय, सारखंच.

लेख कसा असावा? पहिल्या ओळीतच उत्तर. ‘कर्मचाऱ्यांनी वेतनविषयक धोरणातील परिच्छेद ४.२ अन्वये…’ अशी सुरुवात असेल तर वाचणारा तिथूनच फोन उचलतो. त्याऐवजी : ‘पगारपत्रक महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी संध्याकाळी ६ नंतर दिसतं. दिसलं नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबा. तरीही नसेल तर खालचं बटण दाबा.’ वेळ, अपवाद, पुढची पायरी. धोरणाचा दुवा तळाशी. एका लेखात एकच प्रश्न, प्रत्येक लेखाला एक जबाबदार माणूस आणि पुढच्या तपासणीची तारीख, फार तर ६ महिन्यांनंतरची. ४० पानी पीडीएफ चढवून ‘माहिती उपलब्ध आहे’ म्हणू नये. शोध फार तर फाइलपर्यंत नेतो, हवा तो परिच्छेद माणसालाच हुडकावा लागतो.

आणि ईमेल आलाच तर ‘पोर्टलवर टाका’ म्हणून परत पाठवू नका. ईमेलचं तिकीट, म्हणजे क्रमांक असलेली विनंतीची नोंद, आपोआप बनू द्या, काम करा, आणि उत्तराच्या शेवटी नेमक्या त्या पानाचा दुवा द्या. मुखपृष्ठाचा दुवा देऊन काही साधत नाही.

प्रश्न : नावबदलाच्या आमच्या फॉर्मवर २७ रकाने आहेत. निम्मे अर्ज अपुरे म्हणून परत जातात. कर्मचारी नीट भरत नाहीत, याला काय करावं?

२७ रकाने नीट भरणारा माणूस दुर्मीळच. प्रत्येक रकान्यापुढे दोन प्रश्न लिहा : ही माहिती आपल्याकडे आधीच आहे का? आणि ती भरल्यावर पुढे तिचं कोण, काय करतं? कर्मचारी क्रमांक, विभाग, पद, मॅनेजर, रुजू तारीख हे लॉगिन झाल्या झाल्या प्रणालीला ठाऊक असतं. दुसऱ्या प्रश्नाला ‘पूर्वीपासून आहे’ असं उत्तर आलं की तो रकाना काढायचा. नावबदलाला बहुधा तीनच गोष्टी उरतात : नवं नाव, पुराव्याचा कागद आणि बदल कधीपासून. कागद कोणता चालतो, फाइल केवढी असावी, हे अपलोडच्या बटणाशेजारीच लिहा. अपुरे अर्ज येतात ते बरेचदा या एका ठिकाणी.

कॅटेगरीचा ड्रॉपडाउनही तपासा. ‘इतर’ हा पर्याय सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पहिल्या तिनांत असेल तर यादी एचआरच्या विभागरचनेवरून बनली आहे असं खुशाल समजा. आपलं काम पेरोलकडे जातं की लाभ विभागाकडे, हे कर्मचाऱ्याने का ओळखावं? ते वाटप आतल्या नियमांनी करा.

मंजुऱ्यांचा हिशोब तर सोपा आहे. गेल्या वर्षात या टप्प्यावर किती अर्ज नाकारले? एकही नाही, असं असेल तर मंजुरी काढा आणि मॅनेजरला नुसती सूचना जाऊ द्या.

नवा फॉर्म सगळ्यांसाठी खुला करण्याआधी ५ कर्मचाऱ्यांना एकेक करून भरायला द्या आणि शेजारी गप्प बसा. ठळक अडचणी एवढ्यातच दिसतात. मात्र ते पाच एचआरमधले नकोत.

प्रश्न : आमची ९६ टक्के तिकिटं एसएलएच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या मुदतीच्या, आत बंद होतात. तरी सर्वेक्षणात लोक नाराज. असं कसं?

घड्याळ कुठे थांबतं ते बघा. तिकीट ‘माहितीची प्रतीक्षा’ या स्थितीत टाकलं की बहुतेक प्रणालींत एसएलए थांबतो. मुदत संपत आली की एखादी फुटकळ शंका विचारून घड्याळ थांबवण्याची सवय हळूच लागते. तिकीट एका गटाकडून दुसऱ्याकडे गेलं की काही ठिकाणी मोजणी नव्याने सुरू होते. काम अर्धवट असताना तिकीट बंद झालं आणि कर्मचाऱ्याने नवं काढलं, तर अहवालात दोन यशं जमा. अशा अहवालाला या क्षेत्रात कलिंगड म्हणतात, वरून हिरवं आणि आत लाल.

पहिल्यांदा विचारल्यापासून काम खरोखर संपेपर्यंतचे कॅलेंडरचे दिवस मोजा, आणि सरासरीवर भिस्त ठेवू नका. १० तिकिटांपैकी ८ एका दिवसात सुटली आणि २ ला २१ दिवस लागले, तर सरासरी येते ५ दिवस. पाच दिवस मात्र कुणालाच लागलेले नाहीत. मध्यक, म्हणजे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, १ दिवस आहे, आणि नव्वदावं शतमान, म्हणजे शंभरातली नव्वद तिकिटं ज्याच्या आत सुटतात तो आकडा, २१. बोंब त्या २१ वाल्यांची असते. जोडीला ७ दिवसांत पुन्हा उघडलेली तिकिटं आणि एका तिकिटाला लागलेले हात मोजा.

सर्वेक्षणात एकच प्रश्न पुरे : ‘हे काम करून घ्यायला किती खटपट करावी लागली?’ खाली मोकळी जागा. घरात मृत्यू झाल्यावरची रजा, छळाची तक्रार, नोकरी संपणं अशा प्रकरणांत सर्वेक्षण जाऊच नये. तिथे पाच तारे मागणारा ईमेल गेला तर तो माणूस जन्मभर विसरत नाही.

प्रश्न : पाळीत काम करणाऱ्या आमच्या लोकांना कंपनीचा ईमेल नाही. त्यांच्यासाठी किऑस्क, म्हणजे सगळ्यांनी वापरायचा सामाईक संगणक, बसवावा का?

मोबाइल आधी, किऑस्क पुरवणी म्हणून. लॉगिन कर्मचारी क्रमांक आणि ओटीपीवर ठेवा. पण मोबाइल नंबर बदलला तर सुपरवायझरकडून ओळख पटवून तो बदलण्याची सोय पहिल्या दिवसापासून हवी, नाहीतर सगळं तिथेच अडतं. संदेशात पगाराचा आकडा किंवा रजेचं कारण नको. फोन घरात चौघांच्या हातात असतो. किऑस्कचा पडदा वाटेकडे तोंड करून नसावा, मिनिटभर हालचाल नसेल तर आपोआप लॉगआउट व्हावा. अक्षरं आणि पार्श्वभूमीतला रंगभेद किमान ४.५ : १ असावा, हा सुगम्यतेचा मान्य निकष आहे. पाळी बदलताना रांग लागते, तेव्हा तासभर तिथे एक माणूस उभा करा. रात्रपाळीचं तिकीट सकाळच्या मोजणीत हरवत नाही ना, हेही पाहा.

प्रश्न : चॅटबॉट घ्यावा का?

लेख नीट झाल्यावर. बॉट त्याच लेखांतून बोलतो, त्यामुळे जुना लेख तो तितक्याच आत्मविश्वासाने सांगेल. ‘माझी किती रजा शिल्लक आहे?’ याचं उत्तर त्याने धोरण वाचून नव्हे, रजेच्या नोंदीतून द्यावं. तशी जोडणी नसेल तर तो प्रश्न त्याच्याकडे ठेवूच नका. दोनदा समजलं नाही की संवादासकट प्रकरण माणसाकडे जावं, म्हणजे पहिल्यापासून सांगावं लागत नाही. आजारपण, छळ, तक्रार हे शब्द दिसताच सरळ माणूस. आणि बॉटशी झालेलं हे बोलणं तिकिटात कुणाकुणाला दिसतं, याची परवानगी बॉट चालू करण्याआधी तपासा. बऱ्याच प्रणालींत ती मुळात गरजेपेक्षा सैल असते.