पिकअप रिकामी असली की मागून खट्ट-खट्ट वाजते, भरली की गप्प. गिअरबॉक्स खोलावा का?

दादा, तुम्ही लिहिलंय की गाडी सहा वर्षांची आहे, भाजीपाल्याच्या भाड्याला चालते. रिकामी येताना ब्रेक दाबला की मागून एक खट्ट, ॲक्सिलेटर दिला की दुसरा खट्ट. शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, बदलून झाला तरी आवाज आहे तिथेच, आणि आता मेकॅनिक म्हणतोय गिअरबॉक्स उतरवू. इतक्यात नका उतरवू. आधी एक खडू विकत आणा. का ते सांगतो.

हेच दुखणं माझ्या पिकअपला होतं. मी जुन्नर तालुक्यातला, सीझनला नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेतो. वीस किलोचं एक, अशी सत्तर कॅरेट म्हणजे चौदाशे किलो माल. जाताना गाडी शहाण्या पोरासारखी. पहाटे माल उतरला की परतीला सुरू. टोलला ब्रेक मारला, खट्ट. पुढे निघालो, खट्ट. हौद्यात रिकामी कॅरेट असायची, त्यांचा खडखडाट वेगळाच, त्यामुळे पहिले पंधरा दिवस मी सगळा दोष त्यांनाच दिला. एकदा कॅरेट मार्केटलाच ठेवून आलो, तेव्हा कळलं की ती बिचारी निर्दोष आहेत.

मग गॅरेज. आधी क्रॉस बदलला, नंतर सेंटर बेअरिंग, शेवटी मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) बुश. तीन खेपांत साडेसहा हजार गेले. गंमत म्हणजे नवा पार्ट टाकला की दोन दिवस आवाज खरंच कमी वाटायचा. पैसे मोजलेले असतात ना, कानालाही वाईट वाटत असणार.

मेकॅनिकला मी नावं ठेवणार नाही. ॲक्सिलेटर दिला-सोडला की ठोका पडणं ही झिजलेल्या क्रॉसची ठरलेली खूण आहे, कुणीही आधी तेच म्हणेल. पण एक प्रश्न त्यानेही विचारला नाही आणि मलाही सुचला नाही: भरल्यावर आवाज बंद का होतो? क्रॉस ढिला असेल तर चौदाशे किलो ओढताना त्याच्यावर जास्त जोर येतो, मग तो जास्त वाजायला हवा. तुमचं अर्धं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे ते असं. वजन पडल्यावर गप्प बसणारी वस्तू शोधायची.

पुतण्याने एक युक्ती काढली. मोकळ्या, सपाट मैदानात रिकामी गाडी वीसच्या स्पीडला घ्यायची, न्यूट्रल करायची आणि मग ब्रेक दाबायचा. न्यूट्रलमध्ये शाफ्टवर इंजिनाचा जोर नसतो. तरीही तेवढ्याच दणक्यात खट्ट वाजलं, तर गिअरबॉक्स आणि क्रॉस बहुतेक निर्दोष. आमचं वाजलं. (हे मैदानातच करा. उतारावर किंवा घाटात गाडी न्यूट्रल करायची नाही, आवाज सापडायच्या आधी तुम्हीच सापडायचे नाहीत.)

आता गाडी थांबताना पुढे आणि निघताना मागे सरकणारं असं काहीतरी राहिलं. पण कुठे? माझा कान सांगत होता, डाव्या मागच्या चाकाजवळ. कानावर माझा भरवसा होता, चांगली वीस वर्षं गाडी चालवतोय. पुतण्याचा भरवसा मोबाईलवर. त्याने जुन्या मोज्यात मोबाईल घातला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि सुतळीने चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, घट्ट बांधला. एकदा मागच्या पाट्याजवळ, एकदा केबिनच्या मागे. त्याच मैदानात, तेवढ्याच स्पीडने दोन चकरा मारल्या. मागच्या रेकॉर्डिंगमध्ये ठोका लांबून आल्यासारखा, केबिनमागच्या रेकॉर्डिंगमध्ये ताडकन. म्हणजे आवाज माझ्या पाठीमागे दीड हातावर होता आणि मी तो तीन महिने मागच्या चाकात शोधत होतो. चासी म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत पोलाद. पोलादातून आवाज हवेपेक्षा साधारण पंधरा पट वेगाने पळतो, एका टोकाला ठोकलं की सगळी चासी वाजते. केबिनमध्ये बसून जागा ओळखायची म्हणजे अंधारात सुई शोधणं.

मग खडू. हौदा चासीवर जिथे जिथे टेकतो, तिथे हौद्याच्या आडव्या पट्टीवरून खाली चासीपर्यंत एक सरळ उभी रेघ ओढली, दोन्ही बाजूंना मिळून सहा ठिकाणी. गावातून एक चक्कर, आठ-दहा कडक ब्रेक. परत येऊन बघतो तर मागच्या चार रेघा जशाच्या तशा, पुढची उजवी किंचित हललेली आणि पुढची डावी चक्क तुटलेली. वरचा अर्धा भाग खालच्यापेक्षा करंगळीच्या नखाएवढा पुढे!

वाकून टॉर्च मारला. तिथे हौदा आणि चासीच्या मध्ये जे रबर असायला हवं ते नव्हतंच, कधीतरी सटकून रस्त्यात पडलं असणार. बोल्ट होता, पण सैल, आणि त्याचं भोक गोल न राहता लांबुळकं झालेलं. आजूबाजूला सगळा चिखल वाळलेला आणि मधे तेवढाच रुपयाएवढा भाग घासून आरशासारखा चकचकीत. त्याच्या कडेला तांबूस पीठ साचलेलं, हळदी-कुंकवातलं कुंकू जुनं झाल्यावर दिसतं तसं. लोखंड लोखंडावर घासलं की हे पीठ पडतंच. खालून गाडी बघताना चिखलाकडे बघू नका, चकाकी आणि हे पीठ शोधा. ते कधी खोटं बोलत नाही.

म्हणजे झालं होतं असं, की रिकामा हौदा ब्रेकला पुढे सरकून बोल्टवर आपटायचा, निघताना मागे सरकून पुन्हा आपटायचा. चौदाशे किलो टोमॅटो बसले की हौदा जागचा हलत नव्हता.

तुमच्या गाडीत रेघा सरकल्याच नाहीत तर? मग स्टेपनी बघा. खाली साखळीवर लटकते, पंक्चर काढून परत लावताना पोरं साखळी पूर्ण आवळत नाहीत. चाकाला लाथ मारून बघा, हलता कामा नये. फाळक्याचे (हौद्याच्या उघडणाऱ्या फळीचे) कडी-कोयंडे बघा, एका चकरीपुरती त्यात चिंधी कोंबली तरी निकाल लागतो. माझ्या एका ओळखीच्याच्या हौद्याच्या पोकळ पाईपमध्ये बॉडी बनवतानाच एक नट आत राहिला होता, चढाला मागे आणि उताराला पुढे गडगडत जायचा. त्याने तो वर्षभर ऐकला.

आणि कधी आवाज ब्रेकशी नाही तर चाकाशी बांधलेला वाटला, तर मोजा. पिकअपच्या पंधरा इंची रिमवरचा टायर एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातो. दहाच्या स्पीडला सेकंदाला एक-सव्वा फेरा. तेवढ्याच लयीत टक... टक... आला तर चाक, ड्रम किंवा टायरमध्ये रुतलेला खडा. शाफ्ट चाकाच्या चार-पाच पट फिरतो, त्याचा आवाज त्या स्पीडला मोजता येत नाही, सलग खरखर येते. आणि स्पीडबरोबर वाढणारं हूंऽऽ असेल तर व्हील बेअरिंग; लांब उजव्या वळणावर वाढलं तर बहुधा डावीकडचं, कारण वळताना वजन तिकडे जातं. व्हील बेअरिंगचा संशय आला तर मात्र भाडं घेऊ नका, आधी ते काम.

हौदाच निघाला तर दुरुस्ती सोपी आहे. आम्ही हौद्याची ती बाजू जॅकने बोटभर उचलली, खाली लाकडी ओंडके दिले, चाकांना दगड लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचं जाड रबर कापून मध्ये बसवलं, लांबुळक्या भोकावर जाड वॉशर, नवा बोल्ट आणि लॉक नट. सगळं मिळून तीनशे रुपयांच्या आत. कुणीतरी म्हणेलच, "त्यापेक्षा हौदा चासीला वेल्डिंग करून टाका, कटकट नको." ऐकू नका. चासीवर वेल्डिंग केलं की तिथलं पोलाद उष्णतेने कमजोर होतं आणि तडा तिथूनच सुरू होतो. हौद्याच्या पट्टीला वेल्डिंग लागलंच तर आधी बॅटरीची वायर काढा, नाहीतर नव्या गाड्यांचा ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो आणि मग तो गिअरबॉक्सपेक्षा महाग पडेल.

पहिली भरलेली फेरी झाली की सगळे नट परत एकदा आवळा, नवं रबर दबतं. माझा पुढचा डावा तेव्हा आणखी अर्धा आटा फिरला होता.