हौसिंग आलं, आता प्रोपेलर कुठून आणू?

प्रश्न : लासलगावहून कांदा वाहणारी माझी जुनी सहाचाकी आहे. मागच्या हौसिंगला (मागच्या चाकांमधले गिअर ज्यात बसतात ते कवच) तडा गेला म्हणून कटिंगच्या, म्हणजे भंगारात तोडलेल्या गाडीचं हौसिंग आणलं. कंपनी तीच, मॉडेल पुढचं. आता प्रोपेलरची (गिअरबॉक्सपासून हौसिंगपर्यंत फिरणारा शाफ्ट) फ्लँज, म्हणजे बोल्टने जोडायची चकती, पिनियनच्या (हौसिंगमधला लहान गिअर) फ्लँजला जुळत नाही आणि शाफ्ट दीडेक इंच लांब पडतोय. मिस्त्री म्हणतो, नवी भोकं पाडू आणि पाइप कापून जोडू. जुना शाफ्ट घ्यायचा तर कुठे आणि काय बघून घ्यावा?
– एक वाहतूकदार, निफाड तालुका

उत्तर : आधी मिस्त्रीच्या हातातलं ड्रिल काढून घ्या. फ्लँजच्या मधोमध उठलेली गोल कड असते, ती समोरच्या खोबणीत घट्ट बसते. शाफ्ट मध्यावर राहतो तो त्या कडेमुळे. बोल्ट फक्त आवळून धरतात. कड वेगळ्या मापाची असेल तर नवी भोकं कितीही नेमकी पाडा, शाफ्ट केसभर मध्य सोडून फिरणार आणि त्याला मधे धरणारं सेंटर बेरिंग खाणार.

दीड इंचाचं माप कसं घेतलंत, तेही लिहिलं नाहीत. गाडी जॅकवर आणि चाकं लोंबकळत असताना घेतलेलं माप मी माप धरत नाही. चाकं जमिनीवर, हौद्यात नेहमीचा माल, आणि मग दोन फ्लँजांमधलं अंतर मोजा. त्या अंतरात शाफ्ट बसवल्यावर स्लिप जॉइंट (शाफ्टचा आतबाहेर सरकणारा दातेरी सांधा) पूर्ण आत जायला निदान २५ मिमी जागा उरत असेल तर कापाकापीची गरजच नाही.

जुन्या फुटक्या हौसिंगच्या पिनियनवरची फ्लँज नव्या पिनियनवर चढते का, हे बघायला पैसे पडत नाहीत. आतले दात आणि ऑइल सीलची जागा जुळली तर तीच चढवा. सील नवं घाला, नट कंपनीने दिलेल्या टॉर्कलाच आवळा. पान्यावर उभं राहून नाही.

नाहीच जुळली तर जिथून हौसिंग आणलंत त्याच दुकानात परत जा. त्या मेलेल्या गाडीचा मागचा शाफ्ट बहुधा तिथेच कोपऱ्यात पडला असेल. जाताना पिनियनच्या फ्लँजला ग्रीस फासून त्यावर पुठ्ठा दाबा. भोकं आणि कड दोन्ही उमटतात. कडेचा व्यास व्हर्निअरने घेऊन त्याच पुठ्ठ्यावर लिहा. तिथे नाही मिळाला तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. दिल्लीच्या मायापुरीत माल भरपूर आहे, पण एका शाफ्टसाठी तिकडून भाडं भरण्यात राम नाही. कुठूनही घ्या, बिल घ्या. चोरीच्या गाडीचा माल निघाला तर तेवढाच कागद तुमच्या बाजूने बोलतो.

ताजा काळा रंग मारलेला शाफ्ट दिसला की मी आधी खरवडतो. खाली वेल्डिंगचा जुना सांधा किंवा दाबून सरळ केलेला पोचा निघतो. स्लिपचे दात हातात धरून दोन्हीकडे पिळून बघा. खडखड वाजले तर ठेवून द्या. क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातला अधिकच्या खुणेसारखा तुकडा) पायांवर बेरिंगच्या सुयांच्या रेघा नखाला लागल्या तर क्रॉस संपला. तसाही क्रॉस, बोल्ट आणि सेंटर बेरिंग मी कधी जुनं घालत नाही. जुनं घ्यायचं ते पाइप, योक (क्रॉसला धरणारा दोन बोटांचा चिमटा) आणि फ्लँज.

पाइप कापावाच लागला तर एकाच टोकाला, लेथवर, आणि जोडून झाल्यावर डायनॅमिक बॅलन्सिंग (शाफ्ट फिरवून त्याचा तोल साधणं) करूनच.

आता माझी फजिती. कराडला गॅरेज होतं तेव्हा एका रात्री घाईत स्लिप जॉइंट जोडताना एक दात चुकला. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग चढतो, दोनदा उतरतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो फरक खोडून काढतो, पण दोन्ही टोकांची योकं एका रेषेत असतील तरच. माझी नव्हती. चौथ्या दिवशी ड्रायव्हर सेंटर बेरिंगचं रबर खिशात घालून आला आणि काही न बोलता टेबलावर ठेवलं. तेव्हापासून शाफ्ट उघडण्याआधी छिन्नीने दोन्ही बाजूंना खूण करतो.

नव्या हौसिंगच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) बैठकीचा कोनही बघा. मोबाइलमधल्या लेव्हलने गिअरबॉक्सची फ्लँज आणि पिनियनची फ्लँज मोजा. एक अंशापेक्षा जास्त फरक असेल तर पाट्याखाली पाचर लागेल.

आणि सगळ्यात आधी विचारायला हवं होतं ते आता विचारतो : क्राउन-पिनियनचे (हौसिंगमधली मोठ्या आणि लहान गिअरची जोडी) दात मोजलेत का? तुमची गाडी ६-४१ची (पिनियनला ६ दात, क्राउनला ४१) असेल आणि आलेलं हौसिंग ७-४१चं, तर काट्यावर ६० दिसताना गाडी ७०ने पळेल. ८०ला बांधलेला स्पीड गव्हर्नरसुद्धा ९३पर्यंत सोडेल, कारण त्याचा सेन्सर गिअरबॉक्सवर असतो. भरल्या गाडीला कसारा घाटात ओढ कमी पडेल ती वेगळीच. पुढच्या मॉडेलचं हौसिंग दणकट आहे म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही, तेवढं हमालांना सांगून ठेवा.

दात मोजून कळवा, तोवर शाफ्टला हात लावू नका.