सुईची नशा पीएममध्ये (शवविच्छेदनात) कळते का?

प्रश्न: डॉक्टर, गावातला एक पोरगा वारला, पीएम झालं, अंगावर तर काहीच नव्हतं, नुसता हातावर टॅटू. मग टोचून नशा करायचा हे कसं काय कळलं म्हणे? – एक वाचक, परभणी

उत्तर: अहो, टॅटूच आधी बघतेत! त्याच्याखाली शिरेच्या रेषेत काळपट व्रण लपलेले असू शकतात, कोपराच्या खोबणीत नाही घावले तर जांघेत, पायाच्या बोटांच्या बेचक्यात बघायचं. खरी गंमत (गंमत कसली म्हणा) फुफ्फुसात. गोळ्या कुटून पाण्यात कालवून टोचल्या की त्यातली टाल्क पावडर तिथं अडकते, बारीक गाठी होतात अन् मायक्रोस्कोपखाली पोलराइज्ड (खास गाळलेल्या) उजेडात ती चकाकते. पण गेला कशानं, हे नुसत्या खुणांवरून नाही ठरत, त्याला व्हिसेरा (आतल्या अवयवांचे नमुने) अन् रक्त लॅबला धाडावं लागतं.