चेटकीण लिहायची तर आधी सर्सी वाचा

पहिलीच चेटकीण रंगवताय, तर होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्याचा दहावा सर्ग सावकाश वाचा. त्यातली चेटकीण सर्सी, नायक ओडिसियसचे खलाशी आल्याआल्या छडी फिरवत नाही. चीज, जवाचं पीठ आणि मध ती प्राम्नियन नावाच्या मद्यात कालवते, वर मायदेश विसरायला लावणारं औषध घालते. खलाशी ते प्यायले की मगच छडीचा फटका. अंग डुकराचं होतं, मन मात्र माणसाचंच राहतं. खरी भीती तिथेच आहे! नवखे लेखक मनही बदलून टाकतात आणि प्रसंग मरतो.

उताराही आधीच ठरवा. ओडिसियसकडे हर्मीस देवाने दिलेली मोली ही जादुई वनस्पती असते, काळ्या मुळाची, दुधासारख्या फुलाची. म्हणून त्याला औषध बाधत नाही. खलाशांना माणसात आणायला सर्सी वेगळंच औषध चोळते, तेव्हा अंगावरचे राठ केस गळून पडतात.