हार्ट फेल्युअर आहे, व्यायाम घरीच केला तर चालेल?

प्रश्न : आम्ही वाळपईच्या पुढे राहतो. बाबा ६८ वर्षांचे, मार्चमध्ये पाय सुजले, रात्री आडवं झालं की धाप लागायची, अ‍ॅडमिट केलं तेव्हा इकोमध्ये ईएफ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ३० आली. आता बरे आहेत, गोळ्या वेळेवर घेतात, पण दिवसभर सोप्यावर बसून असतात, आई त्यांना पाण्याची कळशीच काय तांब्यासुद्धा उचलू देत नाही. डॉक्टर म्हणाले व्यायाम सुरू करा, पण त्यासाठी दर वेळी पणजीच्या बाजूला जायचं तर अख्खा दिवस बसमध्येच जातो. फिजिओथेरपिस्ट म्हणतात घरी करा, मी व्हिडिओ कॉलवर बघते. हे खरंच चालतं की नुसती समजूत?

उत्तर : चालतं. पण आधी आईंना तांब्या सोडायला सांगा. हार्ट फेल्युअरमध्ये पंप कमजोर असतो हे खरं, पण माणूस जो दमतो त्यात पायांच्या स्नायूंचाही मोठा वाटा असतो, बसून बसून ते झिजतात, मग चार पावलांत धाप, मग आणखी बसणं. व्यायामाने मुख्य फरक तिथे पडतो, म्हणून पुढच्या इकोत ईएफ तेवढीच आली तरी नाराज होऊ नका, बाबा स्वतःहून न्हाणीपर्यंत जाऊन न दमता परत आले का ते बघा.

धोक्याचं म्हणाल तर अशा पेशंटवर मोठा अभ्यास झालाय, २३३१ जण होते, २००९ साली निकाल आले, देखरेखीखाली सुरू करून पुढे घरी चालू ठेवलेला व्यायाम सुरक्षित निघाला. पोलंडमध्ये तर ८५० जणांना घेऊन ९ आठवड्यांचा प्रोग्रॅम केला, पहिला आठवडा हॉस्पिटलात आणि उरलेले ८ घरी, ईसीजी लांबून बघत. दमसास वाढला, रोजचं जगणं सुधारलं, मात्र आयुष्य वाढलं किंवा हॉस्पिटलच्या वाऱ्या कमी झाल्या असं काही दिसलं नाही. तेव्हा कुणी घरबसल्या हार्ट नवं करून देतो म्हणाला तर त्याला नमस्कार करून बाजूला व्हा. ब्रिटनमध्ये खुर्चीवरचे व्यायाम किंवा चालणं, १२ आठवडे, मध्ये मध्ये नर्स किंवा फिजिओची भेट आणि फोन, एवढ्यावरही लोकांना बरं वाटलं, म्हणजे तुमच्याकडे रेंज नाही ही सबब चालणार नाही, साधा फोनही पुरतो. फक्त यूट्यूब लावून कुणाच्या तरी मागे हात हलवणं मी यात धरत नाही, पलीकडे बाबांची फाईल बघितलेलं माणूस पाहिजे.

एकदा मात्र जावंच लागेल. ईसीजी, बीपी आणि ६ मिनिटांत किती चालतात ते समोर बघितल्याशिवाय कुठलाही शहाणा फिजिओ सुरू करणार नाही. नंतर घरी अंगणात ५-१० मिनिटं, मध्ये बसून परत, असं हळूहळू ३० मिनिटांपर्यंत. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, बोलता बोलता तुटायला लागलं तर वेग जास्त झाला. सुरुवात आणि शेवट सावकाश करा, या गोळ्यांवर एकदम थांबलं की बीपी उतरून चक्कर येते. जेवल्या जेवल्या नको, दुपारच्या उकाड्यात नको, आणि लघवीची गोळी घेतल्यावर लगेच तर नकोच, अर्धा वेळ संडासच्या वाटेवर जाईल. पावसात अंगण शेवाळतं, तेव्हा सोप्यावरच खुर्चीतून उठणं-बसणं करा. घरात कोणीतरी असताना करायचं.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन लिहून ठेवा. ३ दिवसांत २ किलो वाढलं, सूज आली किंवा बसल्या जागी धाप लागली तर त्या दिवशी व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. व्यायाम करताना छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, धडधड थांबेना तर थेट १०८.

आणि हो, पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या जिनसांचा डबा. पावसात पेजेबरोबर खारा बांगडा आठवणारच, मलाही आठवतो, पण त्या मिठाने अंगात पाणी धरतं आणि आठवड्याभराच्या व्यायामाची मेहनत एका जेवणात जाते. लोणचं, पापड त्याच यादीत.

प्रश्न : आईला हार्ट फेल्युअर आहे, गेल्या महिन्यात छातीत शॉक देणारं मशीन बसवलं. व्यायामासाठी पल्स दाखवणारं घड्याळ घेतलं पण कितीही चालली तरी आकडा फारसा वाढतच नाही. घड्याळ बिघडलंय का? (पेडणे)

उत्तर : घड्याळ बहुतेक ठीक असेल. आई बीटा ब्लॉकर घेत असणार, त्या गोळीने पल्स मुद्दामच दाबलेली असते, म्हणून आकड्याच्या मागे लागून वेग वाढवू नका, किती दम लागतोय ते तिलाच विचारा, 'थोडं जड जातंय पण जमतंय' इथे थांबायचं. मशीनचं मात्र एक विचारून घ्या, किती पल्सला ते शॉक द्यायला सेट केलंय. व्यायामात त्याच्या १० ते २० खालीच राहायचं, आणि तो आकडा व्हिडिओ कॉलवरच्या फिजिओलाही कळवा. मशीन नवं आहे तेव्हा त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेणारे व्यायाम डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत नको, दोरीवर कपडे वाळत घालणंही त्यातच आलं.