लिंक काढायची की समजूत काढायची?

वंशावळींच्या बहुतेक स्वयंसेवी नेटवर्कची घडण सारखीच असते. प्रदेशाचे भाग पाडायचे, एकेक भाग एकेका संयोजकाकडे सोपवायचा. त्याने तिथल्या जन्म-मृत्यूच्या, विवाहाच्या, थडग्यांवरच्या नोंदी उतरवून स्वतःच्या साइटवर मोफत ठेवायच्या आणि मध्यवर्ती पानावरून सगळ्यांना लिंक द्यायची. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात काउंटीवार पानं मांडून सुरू झालेलं आणि पुढे यूएसजेनवेब म्हणून देशभर पसरलेलं काम याच घडणीचं. यात केंद्राच्या हाती दोनच गोष्टी असतात: स्वतःचं नाव आणि ती लिंक. पगार नाही म्हणून कपात नाही, साइट आपली नाही म्हणून कुलूप नाही. अशी नेटवर्क चालवणाऱ्यांनी पाठवलेले या वेळचे बहुतेक प्रश्न इथेच येऊन अडलेत.

प्रश्न: आमच्या नियमावलीत २३ नियम आहेत. साठेक साइट्सपैकी सगळे नियम पाळणारी एकही नाही. सुरुवात कुठून करावी?

नियम कमी करण्यापासून. नियमावलीचे दोन भाग करा, ‘अटी’ आणि ‘सूचना’. जी मोडल्यास तुम्ही खरोखर लिंक काढाल, तीच अट. बाकी सगळं सूचनांमध्ये जाऊ द्या. या चाळणीतून साधारण सहा गोष्टी उरतात: नोंदी मोफत आणि नाव न नोंदवता पाहता याव्यात, मुखपृष्ठावर नेटवर्कचं नाव आणि मध्यवर्ती पानाची लिंक असावी, संयोजकाशी संपर्काची चालू सोय असावी, हयात व्यक्तींची माहिती नसावी, प्रत्येक नोंदसंग्रहाखाली मूळ कागद कोणता आणि तो कुठे आहे हे लिहिलेलं असावं, साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर, उघडावी.

दुसरी कसोटी शब्दांची. दोन तपासनिसांनी एकमेकांशी न बोलता साइट पाहिली, तर दोघांचं ‘हो’ किंवा ‘नाही’ जुळलं पाहिजे. ‘मजकूर सुवाच्य असावा’ यावर जुळणार नाही. ‘मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतला फरक किमान ४.५ : १’ यावर जुळेल. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी मानकात साध्या आकाराच्या मजकुरासाठी हाच आकडा आहे आणि तो मोजणारी मोफत साधनं आहेत.

‘साइट अद्ययावत ठेवावी’ हा तर भांडणाला आमंत्रण देणारा नियम. त्याऐवजी ‘मुखपृष्ठावर शेवटच्या तपासणीची तारीख असावी आणि ती १२ महिन्यांहून जुनी नसावी’ असं लिहा. मात्र ती तारीख हाताने लिहिलेली हवी. पुष्कळ जुन्या पानांवर आजची तारीख आपोआप छापणारी दोन ओळींची स्क्रिप्ट असते. दहा वर्षं कुणी हात न लावलेलं पानही तिच्यामुळे रोज सकाळी ताजं दिसतं.

प्रश्न: लिंक तपासणाऱ्या प्रोग्रामने सगळं ठीक दाखवलं. प्रत्यक्षात एका संयोजकाच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात निघाली. हे कसं?

असे प्रोग्राम मुख्यतः सर्व्हरने दिलेला क्रमांक वाचतात. पान मिळालं तर २००, नाही मिळालं तर ४०४. डोमेनची मुदत संपून ते दुसऱ्याने उचललं की त्या पत्त्यावर नवं पान हजर असतं आणि ते २०० असंच उत्तर देतं. प्रोग्रामच्या लेखी सगळं आलबेल. काही साइट्सवर ‘पान सापडलं नाही’ असं लिहिलेलं पानही २०० क्रमांकानेच येतं, तेही असंच निसटतं.

यावर उपाय म्हणजे खुणेची ओळ. प्रत्येक मुखपृष्ठावर तळाशी एक ठरलेलं वाक्य आणि त्या भागाचा क्रमांक ठेवायला सांगा. तपासताना क्रमांक २०० आहे का आणि ती ओळ सापडते का, हे दोन्ही बघा. ओळ नसेल तर माणसाने पान उघडून पाहायचं.

तपासणीचा तक्ता साधा ठेवा: साइट, तारीख, तपासनीस, सहा अटींचे सहा रकाने आणि शेवटी ‘पुरावा’. पुराव्यात पानाचा नेमका पत्ता आणि स्क्रीनशॉट. हा रकाना रिकामा राहिला की पुढचा सगळा पत्रव्यवहार ‘माझ्याकडे तर नीट दिसतंय’वर येऊन थांबतो. दर तिमाहीत पाव साइट्स तपासल्या तर वर्षात एक फेरी पुरी होते. सगळ्या साइट्स एकाच महिन्यात तपासायला घेतल्यात तर तपासनीस कंटाळतील आणि शेवटच्या वीस साइट्स न बघताच ‘ठीक’ होतील.

प्रश्न: एका ज्येष्ठ संयोजकांनी पंधरा वर्षांत हजारो नोंदी उतरवल्या आहेत. त्यांच्या साइटवरचा शोध चालत नाही, फोनवर अक्षरं वाचता येत नाहीत, पानावर पार्श्वसंगीत आहे. आमच्या दोन पत्रांना उत्तर आलेलं नाही. लिंक काढावी का?

आत्ता नाही. आधी नोंदी सुरक्षित करा, मग नियमांचं बघू. वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साइटची महत्त्वाची पानं एकेक करून जतन करता येतात. पण एक लक्षात ठेवा: वेबॅकला साधी पानं घेता येतात, शोधखिडकीमागचा डेटाबेस नाही. नोंदी डेटाबेसमध्ये असतील तर त्याची प्रत फक्त संयोजकच देऊ शकतात. म्हणून पुढच्या पत्रातली पहिली विनंती दुरुस्तीची नको, प्रतीची हवी.

आता तक्रारी वेगवेगळ्या करा. शोध बंद पडला असेल तर बहुतेक वेळा संयोजकाने काहीच बिघडवलेलं नसतं. होस्टिंग कंपनी सर्व्हरवरच्या पीएचपीची (साइटमागचे प्रोग्राम ज्या भाषेत लिहितात तिची) आवृत्ती बदलते. पीएचपी ७ मध्ये डेटाबेसशी बोलणारी जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स काढून टाकली गेली, आणि त्यांच्यावर चालणारे घरगुती शोध-प्रोग्राम जागच्या जागी थांबले. ‘मी तर काही बदललं नाही’ हे त्यांचं म्हणणं अशा वेळी अक्षरशः खरं असतं. जाणत्या माणसाचं हे एका संध्याकाळचं काम आहे. तो माणूस तुम्ही द्या.

फोनवर अक्षरं बारीक दिसण्याचं कारण बहुधा पानाच्या शीर्षभागात व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान स्क्रीनच्या रुंदीत बसवायला सांगणारी, ओळ नसणं. ती नसली की फोन पानाची रुंदी सुमारे ९८० पिक्सेल धरतो आणि सगळं आक्रसून दाखवतो. ओळ घातल्यावर मजकूर सुधारेल, पण पक्की रुंदी दिलेले तक्ते स्क्रीनबाहेर जातील, म्हणून त्यांना आडवं सरकण्याची सोय करून द्यावी लागते. पार्श्वसंगीताची काळजी सोडा. आजचे ब्राउझर ते बहुधा वाजवतच नाहीत.

उरलं पत्र. ‘आपली साइट निकषांत बसत नाही’ असं लिहिलेल्या पत्राला उत्तर न येणं स्वाभाविक आहे. त्यातून काय करायचं ते कळतच नाही, फक्त अपमान कळतो. पत्रात एका वेळी एक, फार तर दोन बाबी घ्या आणि अशा लिहा:

‘विवाहनोंदींच्या पानावर “शोधा” दाबल्यावर ५०० क्रमांकाची चूक येते, स्क्रीनशॉट सोबत आहे. नोंदी पाहता याव्यात, या पहिल्या अटीशी याचा संबंध आहे. शोध सुरू झाला, किंवा तोवर नोंदींची साधी यादी पानावर ठेवली, तरी चालेल. दुरुस्तीसाठी आमच्याकडचा एक स्वयंसेवक वेळ द्यायला तयार आहे. १४ दिवसांत दोन ओळी कळवाल का?’

या मजकुरात चूक कुठे आहे, ती कशाने मिटेल आणि कुणी हात द्यायला तयार आहे, हे सगळं आलं. ‘नाहीतर’ कुठे आला नाही. तो दुसऱ्या पत्रात येतो, तारखेसह.

मौन आणि नकार यांत गल्लत करू नका. मौनामागे बदललेला ईमेल, स्पॅमची पेटी, आजारपण किंवा मृत्यूही असू शकतो. १४ दिवसांनी दुसरं पत्र वेगळ्या पत्त्यावरून पाठवा, मग फोन करा, मग त्यांच्यासोबत काम केलेल्या एखाद्याला विचारा. एवढं करूनही दोन महिने काहीच कळलं नाही, तर मध्यवर्ती पानावर त्या भागाचं एक तात्पुरतं पान उघडा. त्यावर नवा संपर्क द्या आणि ‘जुन्या नोंदी इथे पाहा’ म्हणून त्यांच्याच साइटची लिंक ठेवा. वाचकाची सोय होते, पंधरा वर्षांचं कामही नजरेआड होत नाही. स्पष्ट नकार आला तरच लिंक काढण्याचा विषय समितीपुढे न्या. तिथे साइट तपासणाऱ्याचं मत धरू नका. ज्याने चूक काढली त्यानेच शिक्षा ठरवली, तर उरलेले संयोजक साइटवरचा दोष विसरतात आणि त्या माणसाबद्दल बोलत बसतात.

प्रश्न: हयात व्यक्तींच्या माहितीबाबतही १४ दिवस थांबायचं का?

नाही. ही एकच अट अशी आहे जिथे आधी पान उतरवायला सांगायचं आणि चर्चा नंतर. तसं नियमावलीत आधीच लिहून ठेवा.

मृत्यूची नोंद नाही आणि जन्माला १०० किंवा ११० वर्षं झालेली नाहीत, अशी व्यक्ती हयात धरायची. १०० की ११० हे नेटवर्कने एकदा ठरवावं. जन्मवर्षच नसेल तर आईवडील, भावंडं, मुलं यांच्या वर्षांवरून अंदाज करायचा. तोही जमत नसेल तर हयातच धरायचं.

गळती बहुतेक वेळा गेडकॉम फाइलमधून (वंशावळ एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेण्याच्या फाइलमधून) होते. वंशावळीचा प्रोग्राम फाइल बाहेर काढताना ‘हयात व्यक्ती वगळा’ हा पर्याय देतो, पण त्याचा अर्थ प्रत्येक प्रोग्राम आपापल्या परीने लावतो. काही प्रोग्राम नावाच्या जागी ‘हयात’ लिहितात आणि जन्मतारीख तशीच ठेवतात. नाव, तारीख सगळं गेलं तरी टीपेच्या रकान्यात ‘ही माहिती अमुक नातीने फोनवर दिली’ असं वाक्य, तिच्या गावासकट, राहून जातं. म्हणून फाइल चढवण्यापूर्वी साध्या मजकूर-संपादकात उघडून टिपा वाचा, आणि गेल्या ११० वर्षांतली वर्षं शोधून एकेक नोंद पाहा. फोटोंखालच्या ओळी आणि फाइलींची नावंही बघा.

पानावरची लिंक काढली की काम झालं असं वाटतं, पण फाइल सर्व्हरवर तशीच असते आणि जुन्या पत्त्याने उघडते. फाइलच काढा, तो पत्ता ४०४ किंवा ४१० (पान कायमचं काढलं) देतो याची खात्री करा आणि मग शोधयंत्राकडे जुना निकाल काढण्याची विनंती करा. क्रम उलटा केला तर विनंती बहुधा फेटाळली जाते, कारण त्यांना पान अजून जिवंत दिसतं.

प्रश्न: संयोजकाच्या संगणकावर सगळे फोटो दिसतात, साइटवर निम्मे दिसत नाहीत.

फाइलींच्या नावांतली मोठी आणि लहान रोमन अक्षरं. विंडोज दोन्ही एकच मानतं, बहुतेक सर्व्हर लिनक्सवर असतात आणि ते मानत नाहीत. सूचना एका ओळीत बसते: नावं लहान रोमन अक्षरांत, जागा न सोडता, शब्दांमध्ये आडवी रेघ. देवनागरी नावं चालतात, पण लिंक कॉपी केली की प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरं होतात. ‘वंशावळ’ या नावाची ५४ अक्षरी माळ तयार होते आणि ईमेलमध्ये मधेच तुटते.

पानावर देवनागरीऐवजी माथ्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन ‘ए’ची रांग दिसत असेल, तर पान यूटीएफ-८ या अक्षरसंचात आहे आणि सर्व्हर ते दुसऱ्याच अक्षरसंचात असल्याचं सांगतोय. मजकूर शाबूत असतो. घाबरून पुन्हा टाइप करायला बसू नका, अक्षरसंच सांगणारी ओळ दुरुस्त करा.

प्रश्न: संयोजक सोडून गेले, जाताना साइट बंद केली. आमच्याकडे जुनी प्रत आहे. ती लावू का?

लेखी परवानगी नसेल तर जशीच्या तशी लावू नका. नाव, तारीख, ठिकाण ही नुसती तथ्यं कुणाच्या मालकीची नसतात. पण त्यांनी लिहिलेला परिचय, काढलेले फोटो, केलेली मांडणी यांवर त्यांचा हक्क असतो. नोंदींवरचा हक्क किती, हे देशागणिक बदलतं. त्यांना विचारा. राग निवला की पुष्कळ जण हो म्हणतात.

पुढच्यांसाठी मात्र रुजू होतानाच एका पानाचा करार करा: हक्क संयोजकाचा, पण त्याने सोडल्यास किंवा तो उपलब्ध नसल्यास नोंदी मांडत राहण्याची कायमची परवानगी नेटवर्कला. सोबत वर्षातून एकदा नोंदींची प्रत केंद्राकडे. पत्ता शक्यतो नेटवर्कच्या डोमेनखालचा द्या, म्हणजे माणूस बदलला तरी जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकाला ३०१ क्रमांकाने (पान कायमचं हलल्याची खूण) नव्या जागी वळवता येतं. वैयक्तिक डोमेन गेलं की हा मार्ग बंद. डॉट कॉम, डॉट ऑर्गसारखं डोमेन हटवलं गेल्यावर सहसा ३० दिवस मूळ मालकाला जास्तीचं शुल्क भरून परत घेता येतं, पण मालकालाच, तुम्हाला नाही. मोफत होस्टिंगवरही विसंबू नका. ऑक्टोबर २००९ मध्ये जिओसिटीज बंद झालं, तेव्हा तिथली घरगुती पानं एकदमच उतरली.

प्रश्न: नेटवर्कचा लोगो बदलला. जुना किमान दोनशे पानांवर आहे. सगळ्यांना पत्रं पाठवायची?

ज्यांनी लोगो तुमच्या सर्व्हरवरून जोडला आहे, त्यांच्यासाठी फाइलचं नाव आणि माप तेच ठेवून आतलं चित्र बदला. एक-दोन दिवसांत बहुतेक ठिकाणी नवा दिसू लागेल. ज्यांनी स्वतःकडे उतरवून घेतला आहे, त्यांना पुढच्या नेहमीच्या तपासणीत सांगा. जुना लोगो ही सूचना ठेवा, अट नको.